सीमाभागात पोलिसांनी झडती घेतली तर : बॅग उघडण्यापासून महजरावर सही करेपर्यंत

महामार्गावरचा कोगनोळी नाका, मिरजेकडून येताना कागवाड, वेंगुर्ले रस्त्यावर शिनोळी-बाची, गोव्याकडून चोर्ला घाट चढून आलं की कणकुंबी-जांबोटी. कर्नाटकात शिरणाऱ्या या वाटांवर गाडी थांबवून बॅग बघणं नेहमीचं आहे. झडती झाली म्हणून सहसा कुणाचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते त्या अर्ध्या-पाऊण तासातल्या चुकांमुळे. कुणी नको तिथे हुज्जत घालतो, कुणी लॉक उघडून फोन हातात देतो. आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कन्नडमध्ये लिहिलेल्या महजरावर (म्हणजे पंचनाम्यावर) न वाचता सही करून मोकळं होणं. खालचे टप्पे झडती जशी घडते त्याच क्रमाने दिले आहेत.

एक गोष्ट आधी. 1 जुलै 2024 पासून दंड प्रक्रिया संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 आली. जुनी कलमं (झडतीची 100 आणि 165, नोटिशीचं 41-अ) आता त्या क्रमांकांवर नाहीत. फॉरवर्ड होत फिरणारे 'तुमचे हक्क' बहुतेक जुन्याच क्रमांकांचे असतात. खाली नुसतं 'संहिता' म्हटलं असेल तर नवी समजा.

## 1. घरातून निघण्याआधी

गाडीचे कागद. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन आणि आरसी कायद्याने चालते. नुसता गॅलरीतला फोटो चालत नाही.

रोकड. निवडणूक आचारसंहिता लागलेली असेल तर 50,000 रुपयांच्या वर रोख दिसली की पथक कागद मागतं. बँकेतून पैसे काढल्याची स्लिप किंवा पासबुकची ताजी नोंद जवळ ठेवा. पैसे कशासाठी नेताय त्याचाही एक कागद हवा: जनावर विक्रीची पावती, हॉस्पिटलचं एस्टिमेट, मंगल कार्यालयाचं बिल. पैसे कुठून आले आणि कुठे चालले, या दोन्ही प्रश्नांना कागद लागतो. लोक एकच आणतात आणि अडकतात.

व्यापाराचा माल. हुपरीहून चांदी नेणाऱ्यांनी डिलिव्हरी चलन, त्यावर ग्रॅममध्ये वजन आणि माल कुणाकडून कुणाकडे चालला ते लिहून ठेवावं. इतर मालाची किंमत 50,000 रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं.

औषधं. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या आणि ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं अमली पदार्थांच्या कायद्यात येतात. पट्टी फाडून सुट्या गोळ्या डबीत टाकू नका. पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकत्र ठेवा.

गोव्याची दारू. दुकानाचं बिल म्हणजे परवाना नव्हे. परवान्याशिवाय बाटली सीमेच्या अलीकडे आणली की कर्नाटक अबकारी कायदा लागतो, आणि मग खाली दिलेली कुठलीही काळजी फारशी उपयोगाची नाही.

कागदाची एक चिठ्ठी. फोन जप्त झाला तर त्यातले नंबरही जातात. घरच्या एकाचा आणि वकिलाचा नंबर, मोफत कायदेशीर मदतीचा 15100 आणि आपल्या फोनचा आयएमईआय (\*#06# दाबल्यावर दिसतो) कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

## 2. थांबवल्यावर: कोण आणि कशासाठी

नाक्यावर उभा असलेला प्रत्येकजण पोलीस नसतो. अबकारी, वाणिज्य कर, खानापूर पट्ट्यात वनखातं, निवडणुकीत स्थिर किंवा फिरतं पथक यांतलं कुणीही असू शकतं. प्रत्येकाचे अधिकार वेगळे आणि पुढे दाद मागायची जागाही वेगळी. म्हणून पहिल्या दोन मिनिटांत तीन गोष्टी टिपा: खातं, अधिकाऱ्याचं नाव व हुद्दा, आणि पोलीस असतील तर ठाणं कोणतं. बेळगाव शहर पोलीस आयुक्तांच्या हाताखाली आहे, तर निपाणी, चिक्कोडी, खानापूर, अथणी जिल्हा पोलीसप्रमुखांच्या. तक्रार भलत्या कार्यालयात गेली तर आठवडे फुकट जातात.

मग सरळ विचारा: "साहेब, कशाच्या संशयावरून बघताय?" आवाज चढवायचा नाही. या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. 'नेहमीची तपासणी', 'गांजाची खबर', 'अबकारी', 'निवडणूक' यांपैकी प्रत्येकाची रीत वेगळी.

साध्या कपड्यातला माणूस अडवत असेल तर ओळखपत्र मागा. त्याने टाळाटाळ केली तर 112 वर फोन करून खात्री करा आणि "बॅग पोलीस ठाण्यात चलून उघडतो" असं सांगा. पोलीस असल्याची बतावणी करून दागिने लुटणारे ठाण्यात चला म्हटलं की पाय काढतात.

> सावध : अंगाने अडवू नका. बॅग ओढून घेणं, गाडी पुढे दामटणं, हात झटकणं यावर भारतीय न्याय संहितेचं कलम 221 (सरकारी कामात अडथळा) किंवा 132 (बळाचा वापर) लागू शकतं. बॅगेत काही सापडलं नाही तरी हा गुन्हा उरतो.

परवानगी विचारली तर एक वाक्य पुरे: "मी आपणहून संमती देत नाही, पण तुमच्या कामात अडथळाही आणणार नाही." एवढं बोलून गप्प राहायचं. याने हक्क सोडलाही जात नाही आणि भांडणही होत नाही.

## 3. अंगझडती आणि बॅग

बॅग तुमच्यासमोर आणि शक्यतो तुमच्याच हाताने उघडली जावी. एकेक वस्तू बाहेर काढून बॉनेटवर किंवा टेबलावर मांडा. एसटीत असाल तर आपली बॅग आपणच खाली घ्या. रॅकवर शेजारी ठेवलेली पिशवी 'ही माझी नाही' हे लगेच आणि चारचौघांसमोर सांगा, मागाहून नव्हे.

बाईची अंगझडती फक्त स्त्री पोलिसानेच आणि लज्जेचं पूर्ण भान ठेवून घ्यायची असते. यात सवलत नाही. महिला कर्मचारी नसेल तर ती येईपर्यंत थांबायचं. निवडणूक पथकांनाही महिला अधिकारी हजर नसताना बाईची पर्स तपासू नये अशी आयोगाची सूचना आहे. सोबतच्या बहिणीला, आईला हे आधीच सांगून ठेवा. घाईत त्याच 'बघा काय ते' म्हणून पर्स पुढे करतात.

गांजा किंवा इतर अमली पदार्थांचा संशय असेल तर एनडीपीएस कायद्याचं कलम 50 लागतं. अंगझडतीआधी अधिकाऱ्याने सांगायलाच हवं की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर झडती देण्याचा तुम्हाला हक्क आहे. इथे तीन ठिकाणी चूक होते.

पहिली, अधिकारी तिसरा पर्याय पुढे करतो: 'नाहीतर माझ्यासमोरच देता का?' 2014 मध्ये परमानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे चुकीचं ठरवलं. दुसरी, चौघांना ओळीने उभं करून एकदाच विचारलं जातं. तेही चालत नाही, प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं. तिसरी चूक आपल्या बाजूची आहे. हे कलम फक्त अंगावरच्या झडतीला लागू आहे, बॅगेला किंवा गाडीला नाही. पवनकुमार खटल्यात 2005 मध्येच ते स्पष्ट झालं. बॅगेसाठी कलम 50 सांगून नाक्यावर वेळ घालवू नका. अंगझडतीसाठी मात्र 'हक्क नको' असं छापलेल्या कागदावर सही मागितली तर थांबा. हवा असेल तर 'मला मॅजिस्ट्रेटसमोर झडती हवी' असं त्याच कागदावर मराठीत लिहा.

> तपासा : चित्रीकरण सुरू आहे का? संहितेच्या कलम 105 नुसार झडती, जप्ती, वस्तूंची यादी करणं आणि त्यावर पंचांनी सही करणं या सगळ्याचं दृकश्राव्य चित्रीकरण करून ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं असतं. पोलिसाच्या मोबाईलवर केलं तरी चालतं. "साहेब, शूटिंग चालू आहे ना?" एवढं विचारा, म्हणजे प्रश्नही चित्रीकरणात येतो. चालू नसेल तर वेळ लक्षात ठेवा.

## 4. घरझडती

दारात पोलीस आले की वॉरंट विचारायचं. वॉरंट (कलम 96) असेल तर त्यावरचं नाव, पत्ता आणि कोर्टाचा शिक्का बघा. नसेल तरी झडती बेकायदा ठरतेच असं नाही. तपास चालू असलेल्या गुन्ह्यात कलम 185 खाली वॉरंटशिवाय येता येतं, पण अधिकाऱ्याने कारणं आणि शक्य तितकं कोणती वस्तू शोधतोय ते आधी लिहून ठेवायला हवं, आणि ती नोंद 48 तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे गेली पाहिजे. त्या नोंदीची प्रत घरमालकाला अर्ज केल्यावर फुकट मिळते. हा अर्ज जवळजवळ कुणी करत नाही, आणि पुढे वकिलाला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

कलम 103 प्रमाणे त्याच भागातले दोन किंवा जास्त स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच हवेत. पोलिसांनी ठाण्यातून बरोबर आणलेला माणूस दिसला तर त्याचं नाव विचारून ठेवा आणि गल्लीतल्या दोघांची नावं सुचवा. झडतीभर घरातल्या एकाने हजर राहायचा हक्क आहे, तो सोडू नका. पोलीस आणि पंच आत येण्याआधी त्यांनी आपले खिसे दाखवावेत असं विचारायला हरकत नाही, तशी पद्धत आहे. एकावेळी एकाच खोलीची झडती व्हावी असा आग्रह धरा. तीन खोल्यांत तिघे शिरले तर तुम्ही कुणाकडे बघणार?

## 5. मोबाईल

बॅग बघणं आणि फोन बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक त्या एकच समजतात. नाक्यावर 'व्हॉट्सॲप दाखव' म्हटलं की बोट लावून फोन पुढे केला जातो. सीमाप्रश्नाचं काही चालू असतं, 1 नोव्हेंबर (कर्नाटकचा राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी भाषकांचा काळा दिन) जवळ आलेला असतो, तेव्हा ग्रुपवरचे मेसेज बघायला फोन मागितला जातो. तिथेच घाबरून जाऊ नका.

कर्नाटक उच्च न्यायालयाने वीरेंद्र खन्ना प्रकरणात 2021 साली सांगितलं की स्मार्टफोनमधला मजकूर तपासायला सर्वसाधारणपणे कोर्टाचं झडती-वॉरंट लागतं. तातडीची परिस्थिती असेल तर वॉरंटशिवाय का बघतोय ते अधिकाऱ्याने लेखी नोंदवायला हवं. त्याच निकालात हेही आहे की कोर्ट पासवर्ड द्यायचा आदेश देऊ शकतं. म्हणजे 'पासवर्ड कधीच द्यावा लागत नाही' हा समजही चुकीचा आहे.

म्हणून क्रम असा ठेवा:

1. लॉक उघडून फोन देऊ नका. "साहेब, कोर्टाचा आदेश असेल तर देतो" एवढं म्हणा.
2. फोन जप्त करतो म्हणाले तर विरोध करू नका, पण जप्तीची नोंद मागा.
3. फोन तुमच्यासमोर बंद करून पाकिटात सीलबंद करायला सांगा. सीलवर पंचांची सही हवी.
4. यादीत नुसतं 'एक मोबाईल' नको. कंपनी, मॉडेल, रंग, आयएमईआय, सिमचे नंबर आणि मेमरी कार्ड असल्यास तेही लिहायला सांगा.

> सावध : फोन हातात असताना मेसेज डिलीट करणं, फोन रिसेट करणं हा घात आहे. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा आरोप लागतो आणि साध्या चौकशीचं गुन्ह्यात रूपांतर होतं.

## 6. महजर: इथे घाई नको

पंचनाम्याला बेळगाव भागातल्या ठाण्यांत महजर म्हणतात. तो कन्नडमध्ये लिहिला जातो, बऱ्याचदा ठाण्यात बसून आणि बऱ्याचदा ठरलेल्या वाक्यांत. पुढे कोर्टात साक्षीपुराव्याच्या वेळी तुमच्या बाजूने किंवा विरुद्ध उभा राहणारा कागद हाच असतो.

सही करण्याआधी सोबत कुणी कन्नड वाचणारं असेल तर त्याच्याकडून, नाहीतर पंचाकडूनच, सगळा मजकूर मराठीत वाचून घ्या. बेळगाव-खानापूरकडच्या पोलिसांना मराठी समजतं आणि विनंती केली तर बहुतेकजण सांगतात. या गोष्टी स्वतः पडताळा:

- तारीख आणि वेळ (सुरू आणि संपल्याची, दोन्ही)
- जागा. 'कोगनोळी नाक्याजवळ' आणि 'निपाणी बसस्थानकात' यातल्या फरकावर खटले फिरतात
- वस्तू कुठून काढल्या: अंगावरून, बॅगेतून, डिकीतून, की सीटखालून
- मोजमाप: नोटांची रक्कम मूल्यानुसार (500 च्या किती, 200 च्या किती), सोनं-चांदी ग्रॅममध्ये, बाटल्यांची संख्या
- पंचांची पूर्ण नावं आणि गावं
- खाली रिकामी जागा आहे का? असेल तर त्यावर आडवी रेघ मारून मगच सही

कलम 103 मध्ये यादीवर सही लागते ती पंचांची. तुम्ही सही केलीच पाहिजे असं त्यात म्हटलेलं नाही. तरीही नुसता नकार देऊन उपयोग नसतो, 'सही करण्यास नकार दिला' अशी ओळ येते आणि तुमचं म्हणणं कुठेच राहत नाही. त्यापेक्षा शेरा मारून सही करणं चांगलं. सहीच्या वर, आपल्या हातानं, मराठीत:

*"मजकूर कन्नडमध्ये आहे. मला कन्नड वाचता येत नाही. मला मराठीत वाचून दाखवला / दाखवला नाही. यादीतील वस्तू क्र. 3 माझी नाही. दि. …, वेळ …"*

हा शेरा लिहू दिला नाही तर सही मराठीत करा, शेजारी तारीख-वेळ घाला आणि बाहेर पडल्याबरोबर दुसऱ्या कागदावर सगळं लिहून काढा.

कोऱ्या कागदावर सही मागितली, 'नंतर भरतो' म्हणाले, तर काहीही झालं तरी करू नका.

यादीची प्रत मिळणं हा हक्क आहे: घरझडतीत घरमालकाला, अंगझडतीत त्या माणसाला. अटकेनंतर झडती झाली तर कलम 49 खाली घेतलेल्या वस्तूंची पावती मिळते. "महजरिन प्रती कोडी, सर" एवढं कन्नड सगळ्यांनी पाठ करून ठेवावं. झेरॉक्स नाही म्हणाले तर फोटो काढू द्या म्हणा.

> तपासा : महजर वेगळा आणि जबाब वेगळा. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर (कलम 180) सांगणाऱ्याची सही घ्यायची नसते, कलम 181 तसं स्पष्ट सांगतं. 'ही पण एक सही करा' म्हणून जबाब पुढे सरकवला तर विचारा, हा महजर आहे की जबाब.

## 7. ठाण्यात बोलावलं किंवा अटक केली तर

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या बहुतेक गुन्ह्यांत लगेच अटक न करता कलम 35(3) ची नोटीस देता येते. नोटीस हाती आली की तारीख पाळा. न जाणं हेच अटकेचं कारण होतं.

अटक झालीच तर कारण विचारा. मिहीर शहा प्रकरणात नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत. लगेच लेखी देणं शक्य नसेल तर निदान मॅजिस्ट्रेटपुढे हजर करण्याच्या दोन तास आधी. मराठी माणसाच्या हातात कन्नड कागद ठेवून ही अट पुरी होत नाही. "मला मराठीत लेखी कारणं द्या" असं मागा, आणि मिळाली नाहीत तर मॅजिस्ट्रेटसमोर पहिलं वाक्य तेच बोला.

घरच्यांना कळवणं (कलम 48), चौकशीदरम्यान वकिलाला भेटणं (कलम 38) आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर होणं (कलम 58) हे तुमचे हक्क आहेत. मारहाण झाली असेल तर वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना प्रत्येक जागा दाखवा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न विचारलं जात नाही.

## 8. जप्त वस्तू सोडवणं

गाडी, फोन, रोकड पोलिसांकडे अडकली की कोल्हापूर-गडहिंग्लजचे लोक आपल्याकडच्या वकिलाकडे जातात आणि तिथेच अर्ज करू बघतात. जप्ती निपाणीत झाली असेल तर अर्ज निपाणीच्या कोर्टातच करावा लागतो. खटला कोर्टात पोचला असेल तर कलम 497, नसेल तर 503. उच्च न्यायालयात जावं लागलं तर धारवाड खंडपीठ. कोल्हापूरला ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, पण कर्नाटकातल्या जप्तीशी त्याचा संबंध नाही.

अर्जाला मालकीचा कागद, महजराची प्रत आणि हमीपत्र जोडा. वाहन पावसात सडत ठेवू नये, फोटो आणि पंचनामा करून लवकर सोडावं असं सुंदरभाई देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलंय. वकिलाला ते नाव सांगा.

निवडणूक पथकाने रोकड घेतली असेल तर कोर्टाआधी जिल्हा स्तरावरच्या तीन अधिकाऱ्यांच्या समितीकडे जा. दाद मागायची पद्धत जप्तीच्या कागदावरच लिहिलेली असायला हवी. गुन्हा दाखल नसेल तर मतदानानंतर सात दिवसांपलीकडे पैसे अडकवून ठेवता येत नाहीत.

## 9. झडती चुकीची झाली असेल तर

मोठा गैरसमज असा की झडतीत नियम मोडला म्हणजे केस आपोआप सुटली. तसं नाही. चुकीच्या झडतीत सापडलेली वस्तूही पुरावा म्हणून येऊ शकते, पूरणमल खटल्यापासून (1974) न्यायालयांची भूमिका अशीच आहे. नियमभंगाने पोलिसांच्या पुराव्यावरचा विश्वास कमी होतो, आणि तो कमी करायला नोंद लागते. एनडीपीएसमधली कलम 50 ची अंगझडती मात्र अपवाद. तिथे रीत पाळली नाही तर अंगावरून सापडलेला माल टिकत नाही.

तक्रार लेखी करा आणि मराठीतच करा. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. 'कन्नडमध्ये आणा' म्हणून अर्ज परत केला तर हे कलम दाखवा. अर्जात भावना कमी आणि तपशील जास्त असावा: वेळ, जागा, हुद्दे, गाडीचा नंबर, काय घेतलं, प्रत मिळाली की नाही. जिल्हा पोलीसप्रमुख किंवा बेळगाव शहरासाठी आयुक्त, आणि एक प्रत राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाला.

त्याच दिवशी दुसरा अर्ज सीसीटीव्हीसाठी द्या. पोलीस ठाण्यातलं चित्रण 18 महिने जपावं असं सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात 2020 मध्ये सांगितलं आहे, पण टोलनाका, हॉटेल, पेट्रोल पंप यांच्यावर ते बंधन नाही. तिथलं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं. म्हणून खासगी कॅमेऱ्यांचा अर्ज आधी, पोलिसांचा नंतर. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. घ्यायला नकार दिला तर त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती महजराच्या प्रतीला टाचून ठेवा.